बारा की बावीस

लग्न झालं आणि महिन्याच्या आतच आमचे हे बोटीवर परत गेले. मालवाहू जहाजावर मांस आणि फळं थंड ठेवणारी यंत्रं असत, ती ते सांभाळायचे. मी मालवणात सासरी राहून शाळेत शिकवत होते. त्यांची पत्रं यायची ती चार ओळींची: बंदर कुठलं, तब्येत बरी, घरच्यांना नमस्कार. पुढच्या उन्हाळ्यात ते रजेवर आले, तेव्हाही जेवताना दोघांत आमटी आणि भात सोडून फारसं बोलणं नसायचं. माणूस वाईट नव्हता, पण मला तो ठाऊकच नव्हता.

त्याच उन्हाळ्यात आमच्या थोरल्या चुलत दिरांनी गाडी आणली. गोवा मोकळा झाल्यावर तिकडच्या बऱ्याच बड्या घरांतलं सामानसुमान विकलं जात होतं. त्यात ही अमेरिकन गाडी भावजींना मिळाली. भावजींचा काजूचा व्यापार होता आणि त्यांना हौसही होती, पण गाडी हौसेसाठी घेतलेली नव्हती. त्यांच्या आई, म्हणजे आमच्या काकी, यांची धाकटी बहीण वेंगुर्ल्यात अंथरुणाला खिळली होती. बहिणीला एकदा बघायचं म्हणून काकी मार्गशीर्षापासून घोकत होत्या. मधे एकदा एसटीने निघाल्या तर कुडाळपर्यंत पोचायच्या आत उन्हाने भोवळ येऊन पडल्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, उन्हातून नेऊ नका. आणि या गाडीत, विकणाऱ्याने सांगितलं होतं, थंड हवेचं यंत्र आहे.

यंत्र होतं, पण थंडी नव्हती. मागच्या सीटच्या पाठीमागून काचेसारख्या दोन नळ्या छताकडे गेल्या होत्या. बटण दाबलं की त्यातून भट्टीसारखा वारा यायचा. ह्यांनी बॉनेट उघडून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "दादा, गॅस कमी झालो आसा. खंयतरी गळता."

"मगे भर. बर्फाच्या कारखान्यात गॅस आसा. थंयसून हाडूया."

"तो अमोनिया. हेच्यात तांब्याचे नळये आसत, अमोनिया तांब्याक खाता. नळी फुटली तर काकीच्या डोळ्यांत जातलो तो."

भावजींनी बॉनेटमध्ये डोकावून विचारलं, "मगे हेच्यात कसलो आसा?"

"ताच बघूचा आसा."

दाबयंत्राला, म्हणजे कॉम्प्रेसरला, गॅसचा नंबर कोरलेली पितळेची एक पट्टी होती. खाऱ्या हवेने तिचा हिरवा चुरा झाला होता. ह्यांनी रॉकेलचा बोळा फिरवला, तेव्हा एक आकडा उमटला: दोन. त्याच्या आधीचा आकडा गंजून गेला होता. गाड्यांत तेव्हा बहुधा बारा नंबरचा गॅस असे, पण काहींत बावीस नंबरचाही असे. दोन्हीच्या शेवटी दोनच. बाराच्या यंत्रात बावीस भरला तर दाब इतका चढतो, की नळी किंवा सांधा फुटू शकतो.

त्या दुपारी ते माझ्याशी पहिल्यांदा आपणहून बोलले. मी पडवीत वह्या तपासत होते. "शाळेत थर्मामीटर गावतलो काय? तापाचो नको, प्रयोगाचो."

"कित्याक?" मी विचारलं.

मग ते बसले आणि सांगू लागले. बंद नळीत थोडा जरी पातळ गॅस उरला असेल, तर त्याचा दाब हवेच्या उष्णतेवर ठरलेला असतो. प्रत्येक गॅसचा दाब वेगळा. त्याच उन्हात बावीसचा दाब बाराच्या दीडपटीहून जास्त. म्हणजे गाडी रात्रभर गार होऊ द्यायची, सकाळी ऊन यायच्या आत उष्णता मोजायची आणि दाब बघायचा. सांगता सांगता ते मनाने जहाजावर पोचले. बर्फाने पांढऱ्या झालेल्या नळ्या, आफ्रिकेच्या किनाऱ्याला यंत्र बंद पडलं तेव्हाची धावपळ, कप्तानाने स्वतः आणून दिलेला चहा. माझ्या वह्या तशाच पडून राहिल्या. हा माणूस हातांनी इतकं बोलतो, हे मला माहीत नव्हतं.

हेडमास्तरांना विचारून मी थर्मामीटर आणला. दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही दोघं फणसाखाली गाडीशी गेलो. ह्यांनी आपल्या पेटीतून दाबाचं घड्याळ काढून नळीला लावलं. थर्मामीटर मी यंत्रालगत धरून उभी राहिले. पारा थांबला तसा मी आकडा वाचला. त्यांनी घड्याळावरचा काटा पाहिला, डोळे मिटून मनातल्या मनात काहीतरी जुळवलं आणि माझ्याकडे बघून हसले.

"बारा."

"नक्की?"

"बावीस असतो तर काटो हंयसर असतो," म्हणत त्यांनी काचेवर बरंच पुढे बोट ठेवलं. तरी त्यांनी लगेच भरायची घाई केली नाही. आधी स्पिरिटचा दिवा पेटवून, त्यावर तांब्याचा तुकडा धरून, तो नळ्यांच्या सांध्यांपाशी फिरवला. मला म्हणाले, वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभी रव, धूर वाईट. एका रबरी नळीच्या तोंडाशी निळी ज्योत एकदम हिरवीगार झाली. गळणारा गॅस तापल्या तांब्याला लागला की ज्योत हिरवी होते; म्हणजे गळती तिथे होती.

नवी नळी आणि बारा नंबरच्या गॅसची बाटली मुंबईहून आगबोटीने आली. ह्यांचा एक दोस्त गोधडीत गुंडाळून ती घेऊन आला होता. नळी बदलून गॅस भरला, बटण दाबलं, आणि थोड्याच वेळात छताजवळच्या जाळीतून गार वारा आला. आळीतली माणसं आळीपाळीने आत बसून गेली. काकी बसल्या आणि म्हणाल्या, "माका थंडी लागता," पण उतरायला तयार होईनात.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. कुडाळवरून वळसा, भर वैशाखातलं ऊन, आणि काकी शाल पांघरून खिडकीतून माडांकडे बघत होत्या. वेंगुर्ल्याला पोचलो तर बहिणीच्या घरात शिरवेना, इतका उकाडा होता. ती घामाने भिजून पडली होती. काकींनी तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि ह्यांना म्हणाल्या, "तिका गाडयेत हाड रे."

ह्यांनी आणि भावजींनी तिला घोंगडीवर उचलून मागच्या सीटवर काकींशेजारी बसवलं. गाडी आंब्याच्या सावलीत, काचा बंद, इंजिन चालू. हे बॉनेट उघडं ठेवून, इंजिन तापू नये म्हणून मधे मधे रेडिएटरच्या जाळीवर कळशीतून पाणी ओतत होते. मी अंगणात उभी राहून काचेतून बघत होते. दोन म्हाताऱ्या, एकीची मान दुसरीकडे कललेली, दोघींचे ओठ हलत होते. ऐकू काहीच येत नव्हतं. दुपार कलेपर्यंत त्या तशाच एकमेकींना टेकून बसल्या होत्या.

पावसाआधी हे जहाजावर गेले. या वेळी पत्रं लांब येऊ लागली. काकींची बहीण श्रावणात गेली. गाडीचा वारा दिवाळीपर्यंत पुन्हा कोमट झाला, पुढे भावजींनी ती बेळगावच्या कुणाला विकली.

बऱ्याच दिवसांनी, नारळ सोलत बसलो असताना, मी काकींना विचारलं, "त्या दिसा गाडयेत इतका काय बोलत होतात?"

"पयला बोललाव, पोरांबाळांचा," काकी म्हणाल्या. "मगे ती माझ्या खांद्यार निजली. किती दिसांनी तिका झोप लागली होती. मी हललय नाय."