सहासारखा सात

कापडाच्या कारखान्यातली माणसं तिला पारखी म्हणायची, आणि ते नाव तिने कमावलेलं होतं. नुकत्याच रंगवलेल्या ताग्याचा तुकडा आणि ग्राहकाने पाठवलेला नमुना ती दिव्याच्या पेटीत शेजारी शेजारी ठेवायची, मान थोडी तिरकी करायची आणि सांगायची, "निळा कमी पडलाय. चिमूटभर." यंत्रावर मोजलं की चिमूटभरच निघायचा.

तिचं घोडं अडलं ते इंग्रजीपाशी. पूर्वी ती तोंडी सांगायची आणि ऑफिसातला कारकून रिपोर्ट लिहायचा. तो निवृत्त झाला, त्याच्या जागी कुणी आलं नाही, आणि मॅनेजर म्हणाला, "बाई, आता तुम्हीच लिहा. चार ओळी तर असतात."

ओळी चारच, पण चारही तुलनेच्या. हा त्याच्यासारखा, तो याच्याहून गडद, हे दोन एकच, तिसरा वेगळा. पारखी दहावीपर्यंत शिकलेली, इंग्रजीत काठावर पास. मनात मराठी वाक्य जुळवायचं आणि एकेका शब्दाला इंग्रजी टोपी घालायची, अशी तिची रीत. 'सेम लाइक' लिहायची, 'मोर डार्कर' लिहायची. परदेशातला ग्राहक समजुतीचा होता. वर्षभर निभावलं.

मग फिक्या हिरव्या कापडाचे दोन लॉट आले, सहा नंबर आणि सात नंबर. सहा नंबर आधीच ग्राहकाकडे पोचला होता. साताचा तुकडा तिने दहा वेळा धुऊन पाहिला. रंग जागचा हलला नाही, सहाचाही हलला नव्हता. तिने खुशीत लिहिलं, 'लॉट सेव्हन इज नॉट फेडिंग लाइक लॉट सिक्स.'

तिच्या मनात होतं, सहा विटत नाही, तसा सातही विटत नाही. ग्राहकाने वाचलं, सहा विटतो, पण सात तसा विटत नाही. सहा नंबरचे तिथे सदरे शिवायला घेतले होते. त्याने शिलाई थांबवली, माल बाजूला काढला आणि खुलासा मागवला.

मॅनेजरने तिला बोलावून कागद पुढे सरकवला. "सहा नंबर विटतो असं लिहिलंय तुम्ही."

"मी असं नाही लिहिलं, साहेब."

"मग हे काय आहे?"

तिने ते वाक्य तीनदा वाचलं. तिन्ही वेळा तिला त्यात तिच्याच मनातलं दिसलं. मॅनेजर आवाज न चढवता म्हणाला, "उद्या दुपारपर्यंत खुलासा पाठवू. पण आधी कुणाला तरी दाखवून आणा."

दाखवण्यासारखं माणूस घरातच होतं, हीच तर अडचण होती. नवऱ्याची थोरली बहीण त्यांच्याकडेच आतल्या खोलीत राहायची. शाळेची पुस्तकं छापणाऱ्या छापखान्यात त्या वन्संनी एकतीस वर्षं मुद्रितं तपासली होती. वाण्याची यादी हातात आली तरी त्या आधी शुद्धलेखन सुधारायच्या आणि मग डाळ किती ते बघायच्या. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण पारखी त्यांच्यासमोर लिहायला कधी बसली नव्हती.

"ताईला विचार की," नवरा म्हणाला.

"त्यापेक्षा नोकरी गेलेली परवडली."

तरी संध्याकाळी चहाचा कप आणि तो कागद घेऊन ती आतल्या खोलीच्या दारात उभी राहिली. वन्संनी चष्मा लावला, वाचलं. त्या हसतील असं तिला वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत.

"तुला काय म्हणायचं होतं? मराठीत सांग."

"सहासारखा सात विटत नाही."

"बघ, मराठीतही तोच घोळ आहे. मी म्हटलं, भावासारखी मी घोरत नाही. तर माझा भाऊ घोरतो का?"

"घोरतात," पारखी पटकन म्हणाली. बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र खसकन हललं.

"ते तुला माहीत आहे म्हणून. परक्याला वाटेल, या घरात कुणीच घोरत नाही. आपण समोरासमोर बोलतो तेव्हा आवाजावरून कळतं. तुझ्या ग्राहकाला आवाज कुठे ऐकू येतोय?"

मग त्यांनी पेन घेतलं आणि 'लाइक लॉट सिक्स' हे तीन शब्द उचलून 'लॉट सेव्हन'च्या मागोमाग ठेवले, दोन्ही बाजूंना स्वल्पविराम दिला. 'लॉट सेव्हन, लाइक लॉट सिक्स, इज नॉट फेडिंग.' "आता दोघं एका बाकावर बसले. 'नाही' दोघांनाही लागलं."

पारखीने दोन्ही वाक्यं आळीपाळीने वाचली. "पण वन्सं, शब्द तेच, मग नुसती जागा बदलून अर्थ का बदलतो?"

वन्संनी चष्मा काढला. "एकतीस वर्षं मी समासात खुणा केल्या," त्या म्हणाल्या. "लोक मुकाट्याने दुरुस्त करायचे. का, असं कुणी विचारलं नाही. बस इथे."

चहा गार झाला, पण उत्तर पुरं झालं.

दुसऱ्या दिवशी खुलासा गेला, सोबत धुतलेले तुकडे जोडलेले. त्याखाली मॅनेजरने स्वतःची ओळ घातली की रिपोर्ट तपासून पाठवायची जबाबदारी माझी होती. ती ओळ पारखीने वाचली, आणि त्या माणसाबद्दल तिच्या मनात जो आदर उमटला तो कायमचा राहिला. दोन दिवसांनी कळलं, शिलाई पुन्हा सुरू झाली.

तेव्हापासून रोज सकाळी कामावर निघण्याआधी अर्धा तास ती वन्संच्या खोलीत बसू लागली. सोबत कापडाचे तुकडे न्यायची, कारण त्यावरच्या वाक्यांनी तिला चटकन उमगायचं. 'सेम'चं लग्न 'ॲज'शी लागलंय, 'सिमिलर' 'टू'च्या घरी दिली, त्यांची अदलाबदल करायची नाही, असं वन्सं सांगायच्या. 'डार्कर'मध्ये जास्तपणा आलेलाच आहे, वर 'मोर' कशाला? आणि रंगाची तुलना रंगाशीच करायची, अख्ख्या लॉटशी नाही.

"तुझी वेणी माझ्यापेक्षा लांब, असं आपण खुशाल म्हणतो," वन्सं म्हणाल्या. "इंग्रजीत तसंच्या तसं उतरवलंस तर तुझी वेणी माझ्या उंचीहून लांब, पाच फुटांची होईल."

एकदा पारखीने दोन काळे तुकडे त्यांच्यापुढे ठेवले. "यांच्यावर वाक्य सांगा."

"दोन्ही सेम. लिही."

"सेम नाहीत, वन्सं. हा डावीकडचा तांबूस आहे."

वन्संनी तुकडे खिडकीशी नेले, उलटसुलट केले. "मला नाही दिसत बाई."

"मला तरी तुमचा स्वल्पविराम कुठे दिसत होता?"

वन्सं हसल्या, आणि मग रंग कसा बघायचा हे त्यांनी तिच्याकडून शिकायला घेतलं. फारसं जमलं नाही, पण हौस दांडगी.

सहा वर्षांनी पारखीच्या हाताखाली तिघीजणी काम करत होत्या, आणि रिपोर्ट कसा लिहायचा ते ती त्यांना शिकवायची. वन्संनी पंचाहत्तरी ओलांडली होती. एक दिवस पारखी त्यांना हट्टाने कारखाना दाखवायला घेऊन गेली. मॅनेजरने खुर्ची आणवली. पारखीने सगळ्यांना सांगितलं, "या माझ्या वन्सं. माझं लिहिलेलं दुसऱ्याला कळतं, ते यांच्यामुळे."

वन्संना असल्या बोलण्याची सवय नव्हती. त्या उठल्या आणि फळ्यावर टाचलेल्या पारखीच्या रिपोर्टकडे वळल्या. नाक कागदाला लागेपर्यंत पुढे वाकून त्यांनी तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. सवयीने त्यांचा हात पर्समधल्या पेनाकडे गेला, थोडा वेळ तिथेच थांबला, आणि रिकामाच बाहेर आला.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या.

तिघी मुलींना त्यात विशेष काही वाटलं नाही. पारखी मात्र पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेली आणि नळाखाली दोनदा तोंड धुऊन मगच परत आली.