तोंडाला फेस

कळव्याच्या मिठागरात मी कारकून होतो तेव्हा ती बाई रोज दिसायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. दुपारी मीठ ओढून झालं की ती बांधावर बसायची आणि आपल्या केसाळ कुत्र्याचं डोकं मांडीवर घ्यायची. ओल्या फडक्यानं आधी त्याचे डोळे पुसायची, मग कान. कानात पाण्याचा थेंब जाऊ द्यायची नाही. डोळ्यांवर आलेले केस कापताना कात्री आणि डोळा यांच्यामध्ये स्वतःचं बोट धरायची. कुणी हसलं की फाडकन म्हणायची, "कात्री चुकली तं माजं बोट कापंल. तुमचं काय जातं?"

एके दिवशी ती बांधावर पोचायच्या आधीच मुकादम काठी घेऊन कुत्र्यावर धावला.

"पिसाळलंय ते! तोंडाला फेस आलाय, बघा!"

ती धावत येऊन कुत्र्यावर आडवी पडली. मग, काठी डोक्यावर उगारलेली असतानाच, उठून बसली आणि कुत्र्याचं तोंड नेहमीसारखं सावकाश पुसू लागली. फेस नव्हताच. मिठागराचं पाणी त्याच्या ओठांवर सुकून पांढरं झालं होतं. आम्ही सगळी रोज मिठात वावरणारी माणसं, पण ते एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

तिनं मान वर करून मुकादमाकडं पाहिलं.

"फेस तं तुमच्या मिशांना पन हाय. मंग पयली काठी कुनाला?"

मुकादमाचा हात मिशीकडं गेला. तिनं कुत्र्याचं तेच फडकं त्याच्यापुढं धरलं.

"घ्या, पुसा."