मखमलीच्या लवेची दिशा

मास्तरांनी चाळीस वर्षं कापड बेतलं, पण हातभर कधी वाया घालवलं नाही. जीभ मात्र एवढी जपून वापरली नाही. परदेशच्या ऑर्डरी येऊ लागल्या आणि पाठोपाठ परदेशातूनच एक बाई कटिंगला आली, तेव्हा पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "तिकडची माणसं ती. कापडावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा." कारखान्याने तिचं नाव पाहुणी ठेवलं. तिला भाषा जेमतेम येई. ती मान खाली घालून काम करी.

मग मखमली कोटांची ऑर्डर आली. पाठ आणि पुढा मास्तरांनी बेतला, बाह्या पाहुणीने. पहिला कोट शिवून आला, तर बाह्या अंगापेक्षा गडद.

"हिने तागा बदलला. चांगलं कापड घरी गेलं असणार," मास्तर मालकांना म्हणाले. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मालक म्हणाले, "मग उद्यापासून येऊ नको म्हणून सांगा तिला."

मास्तरांनी सांगितलं. पाहुणी रडली नाही. तिने कोट त्यांच्यापुढे ठेवला आणि हात फिरवून बघा, अशी खूण केली. पाठीवरून हात खाली गुळगुळीत घसरला. बाहीवर मात्र लव हाताला उलटी लागली.

"आमच्याकडे लव वर," ती म्हणाली. "बाबांनी शिकवलं."

मास्तरांनी पुन्हा एकदा हात फिरवून पाहिला. कापड एकच होतं. लव वर ठेवली की मखमल गडद दिसते, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण त्यांच्या उस्तादाने ती खाली ठेवायला शिकवलं होतं, आणि जगभर तसंच बेततात असं ते धरून चालले होते.

गप्प बसले असते तरी चाललं असतं, कोणाला कळणार होतं? पण माणूस हट्टी असला तरी खोटा नव्हता. त्यांनी मालकांना बोलावलं, मशिनी थांबवल्या आणि सगळ्यांसमोर बोलले.

"बाई चोर नाहीत. बेतण्याआधी मी त्यांना एक शब्द विचारला नाही, आणि वर आळ घेतला. कोणाला काढायचंच असेल तर मला काढा."

मालकांनी कोटावरून स्वतः हात फिरवला. मग म्हणाले, "कोणी जाणार नाही. पण उरलेले कोट कसे बेतायचे?"

"बाई म्हणतील तसे. रंग त्यांच्या रीतीनेच खुलतो."

मास्तरांनी आपला खडू पुढे केला. पाहुणीने मखमलीच्या उलट्या बाजूवर वर जाणारा बाण काढला आणि त्यांच्याकडे पाहिलं. मास्तरांनी कापडाचं दुसरं टोक धरलं.