खिशातला फ्यूज

बाबा प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. तिथला रिवाज असा, की तारेला हात लावण्याआधी त्या लाइनचा फ्यूज काढायचा आणि तो टेबलावर नाही, पेटीवर नाही, स्वतःच्या शर्टाच्या खिशात ठेवायचा. फ्यूज माझ्या खिशात आहे तोवर माझा जीव दुसऱ्या कुणाच्या हातात नाही, असं ते म्हणत. काम झालं की फ्यूज परत घालण्याआधी मोठ्याने विचारायचं, "नाखू के?" घालू का? समोरून "नाखो" आल्याशिवाय फ्यूज जागेवर जायचा नाही.

घरात आम्ही मराठीच बोलायचो, पण हे दोन शब्द गुजराती राहिले. साधा होल्डर बदलला तरी बाबा दारामागच्या बोर्डापाशी उभं राहून विचारत आणि आई स्वयंपाकघरातून "नाखो" म्हणे. रुसलेली असली की ती मुद्दाम गप्प बसे. बाबा फ्यूज हातात धरून तिष्ठत राहत, चिडत, पण तिच्या उत्तराशिवाय घालत नसत. घरभर अंधार आणि ह्या दोघांची नाटकं, म्हणून आम्ही बहिणी कुरकुरायचो.

घरोघर नवनव्या वस्तू येऊ लागल्या होत्या, त्या दिवसांतली ही गोष्ट. आईला दमा होता. उन्हाळ्यात वीज गेली, पंखा थांबला, की तिचा जीव कासावीस व्हायचा. बाबांनी तिच्यासाठी इन्व्हर्टर घेतला. दुकानाचा माणूस येऊन बसवून गेला. बॅटरीत पाणी कधी घालायचं तेवढं त्याने दोनदोनदा बजावलं, बाकी काही नाही. वीज गेली तरी पंखा फिरतो, हे आई शेजारणींना बोलावून दाखवायची.

पुढच्या उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, सगळी गल्ली पतंग उडवायला गच्चीवर होती. संध्याकाळी वर दिवा हवा म्हणून जिन्यातल्या दिव्यावरून एक वायर ओढायला बाबा दुपारीच खाली गेले. त्यांनी मेन फ्यूज काढला, खिशात टाकला आणि लोखंडी शिडीवर चढले. इकडे इन्व्हर्टरला वाटलं, वीज गेली. ज्यासाठी आणला होता ते काम त्याने केलं. जिन्यातल्या तारेत वीज परत आली. थंडीचे दिवस, पंखे बंद. भर दुपार, दिवे बंद. घरात वीज आहे हे बाबांना सांगायला काहीच चालू नव्हतं, आणि इन्व्हर्टरची बारीक शिट्टी गच्च्यांवरच्या भोंग्यांत बुडून गेली.

चहा करायला खाली आलेल्या माझ्या बहिणीला ते जिन्यात पडलेले दिसले. शेजाऱ्यांनी आधी इन्व्हर्टर बंद केला, मग त्यांना उचललं. इस्पितळात काही करण्यासारखं उरलं नव्हतं.

एवढा मुरलेला माणूस आणि असं कसं विसरला, असं लोक म्हणाले. मला त्या बोलण्याचा आजही संताप येतो. बाबा काही विसरले नव्हते. ज्या रिवाजाने त्यांना जन्मभर सांभाळलं, त्याच्या भरवशावर ते शिडी चढले होते. त्यांच्या हातांना दुसरी वीज ठाऊकच नव्हती.

आई फक्त एकदा मला म्हणाली, "माझ्या वाऱ्यासाठी आणला होता गं त्यांनी." संध्याकाळी कुणीतरी दुसरा फ्यूज घालू म्हणालं, तेव्हा तिने मान हलवून नको म्हटलं. बाहेर आकाशात पतंगांच्या दोरीला बांधलेले कंदील चढले होते आणि आमचं घर अंधारात होतं.

दुसऱ्या दिवशी बाबांना घरी आणलं. मधल्या खोलीत दिवसाही उजेड कमीच, आणि शेवटचं दर्शन घ्यायला माणसं दाटली होती. बाबांबरोबर कारखान्यात काम करणाऱ्या गुजराती काकांनी इस्पितळातून मिळालेली कपड्यांची पिशवी उघडली. शर्टाच्या खिशात तो चिनी मातीचा पांढरा फ्यूज होता, साधा टवकाही न उडालेला. काका तो घेऊन बोर्डापाशी गेले, हात वर केला, आणि सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं, "नाखू के?"

काका आपल्याच शब्दांनी शरमून फ्यूज धरून तसेच उभे राहिले. आई बाबांच्या उशाशी बसली होती. रुसल्यावर घ्यायची त्याहून कितीतरी जास्त वेळ तिने घेतला.

मग म्हणाली, "नाखो."

दिवा लागला आणि बाबांचा चेहरा नीट दिसला.