चाळीस कागदांवरचा दिवा

ऑफिसात बाईंना पाठीमागे चाळणीबाई म्हणत. गावोगावच्या शाश्वत विकासाची कामं बघणाऱ्या तज्ज्ञांसाठी प्रशिक्षण आखायचं, हे त्यांचं एकोणीस वर्षांचं काम. एकही कागद न चाळता पुढे जाऊ द्यायच्या नाहीत. घरी नवरा म्हणे, "अगं, चहात साखर घातलीय म्हटलं तरी तू ढवळून बघतेस."

शुक्रवारी बैठक होती. प्रशिक्षणातला वस्तीवर राहायचा आठवडा रद्द करून त्याऐवजी फिल्म दाखवावी, असं साहेबांच्या मनात होतं. तो आठवडा म्हणजे बाईंचा जीव. तो वाचवायला पुरावा हवा, म्हणून प्रशिक्षणार्थींच्या गेल्या दोन तुकड्यांनी वस्तीत घरोघरी विचारून भरून आणलेले चाळीस कागद त्यांनी टेबलावर पसरले. 'तुमची पहिली गरज कोणती?' चाळीसही ठिकाणी एकच उत्तर: पायवाटेवर दिवे.

बाईंनी कागद पुन्हा पहिल्यापासून चाळले. माणसं इतकी एकमताची नसतात.

तुकड्यांना वस्तीवर नेणाऱ्या मास्तरांना त्यांनी बोलावलं. "हे कागद कँटीनमध्ये बसून भरले ना?"

मास्तरांचा चेहरा पडला. "माझ्यावर संशय? मग तुम्हीच जाऊन विचारा."

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाई वस्तीवर गेल्या. पहिल्याच दारात एक शिवणकामवाली मशीनवर वाकली होती. बाईंनी ओळख न देता प्रश्न विचारला.

"पायवाटेवर दिवे," तिने मान वर न करताच सांगितलं.

बाईंनी मागे वळून पाहिलं. पायवाटेवर दिव्याचे चार खांब उभे होते. आत्ताच त्या त्यांच्याखालून आल्या होत्या.

"दिवे तर आहेत."

मशीन थांबलं. "तीन वर्षं झाली त्यांना. वर बघणाऱ्या तुम्हीच पहिल्या."

"मग असं का सांगता?"

"ताई, आधी आम्ही गटार सांगायचो. पावसात घरात शिरतं. शिकायला येणाऱ्या पोरांनी दोन दिवस बसून विचारलं, फोटो काढले, गेले ते गेलेच. पुढच्या खेपेला पुन्हा तोच प्रश्न. दिवे म्हटलं की पोरं खूश होतात, लिहितात, दहा मिनिटांत निघतात. सगळ्या वस्तीने तेच ठरवलंय. माझे ब्लाऊज खोळंबत नाहीत."

तो प्रश्न बाईंनीच लिहिला होता, एकोणीस वर्षांपूर्वी. जगाला चाळत बसल्या. हा एक कागद तेवढा तसाच पुढे जात राहिला होता.

शुक्रवारी चाळीस कागद पुढे सरकवून 'बघा, लोकांचं एकमत' म्हटलं असतं, तर आठवडा वाचला असता. पण बाईंनी साहेबांना खांबांचं सांगितलं.

"म्हणजे आठवडा रद्दच करायचा," साहेब म्हणाले.

"आठवडा नाही. कागद रद्द करा. पहिले तीन दिवस कुणी काही विचारायचं नाही. गटार वाहतं कुठून, तुंबतं कुठे, ते पायी फिरून शोधायचं. चौथ्या दिवशी बोलायचं, आणि महिन्याने काय झालं ते सांगायला परत जायचं."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "एक तुकडी. मग बघू."

जिन्यात बाईंनी मास्तरांना गाठलं. "मी चुकले. पण एक सांगा, खांब तुम्हाला दिसले होते?"

"पहिल्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीत?"

"कागद तुमचा होता, बाई."

बाई टेबलापाशी परतल्या. नव्या तुकडीच्या यादीत त्यांनी सर्वांत वर स्वतःचं नाव लिहिलं. क्षणभर थांबून खाली मास्तरांचंही घातलं.