साडूंच्या मशीनवर सगळं चालतं

संशय घेण्यात आमच्या साडूंचा हात धरील असा माणूस अख्ख्या भिवंडीत सापडायचा नाही. व्यवहारात माणसांवर ते डोळे झाकून विश्वास टाकतात. त्यांचा संशय कॉम्प्युटरवर, आणि तोही स्वतःचा सोडून जगातल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर. टेमघरला त्यांच्या घराच्या तळमजल्यावर आम्हा दोघांचा सॉफ्टवेअरचा धंदा आहे. प्रोग्राम लिहून झाला की ज्या मशीनवर चालवायचा त्याला समजेल असा तो बांधावा लागतो. आम्ही त्याला बिल्ड म्हणतो. विंडोजसाठी बांधलेला लिनक्स या दुसऱ्या प्रणालीवर चालत नाही, आणि तिथं नव्यानं बांधायला घेतला की ढीगभर चुका दाखवून अंगावर येतो. अशा वेळी साडू कीबोर्डला हात लावत नाहीत. खुर्ची वळवून आधी विचारतात, "कोनी काय बदलला?" तुम्ही "काही नाही" म्हणालात की संपलात. "काय न्हाय म्हंजे दोन गोष्टी तरी बदलल्या हायेत," असं म्हणून ते जी उलटतपासणी सुरू करतात, ती फौजदारानं शिकून घ्यावी.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्यांचा नियम. तो त्यांनी स्वतःच्या देहालाही लावला. एकदा ताप आला, डॉक्टरांनी तीन प्रकारच्या गोळ्या दिल्या, तर यांनी एकच घेतली. कुठल्या गोळीनं गुण आला ते कळायला नको? ताप चढत गेला तेव्हा माझ्या मेव्हणीनं तिन्ही गोळ्या एकदम तोंडात कोंबल्या. साडू खडखडीत बरे झाले आणि पुढं आठवडाभर फुगून बसले, कारण बरे कशानं झाले ते कळलंच नाही. चुकांच्या ढिगातली पहिली चूक तेवढी ते वाचतात. "ही आई. बाकीची हिची पोरां. आई गप झाली का पोरां बी गप होतात." आणि स्वतःच्या मशीनला मात्र ते कुणाला फडकंसुद्धा मारू देत नाहीत. आमचे सगळे प्रोग्राम त्या एकाच जुनाट मशीनवर मुकाट्यानं बांधले जायचे. मी कितीदा म्हटलं, पुसून नवं करू. "त्याला हात लावायचा न्हाय," एवढंच उत्तर. मी तो विक्षिप्तपणाच्या खात्यात जमा करून टाकला होता.

कोन गावच्या रस्त्यावर एका गोडाऊनमध्ये औषधांची थंड खोली आहे. आत इन्सुलिन असतं, लसी असतात. तापमान चढलं की घंटा वाजवणारा प्रोग्राम आमचा. एके दिवशी सकाळी तिथल्या मॅनेजरचा फोन आला. त्यांच्या वरच्या ऑफिसनं जुना विंडोजचा कॉम्प्युटर उचलून नेला होता आणि लिनक्सचं एक डबडं बसवलं होतं. दुसरं मशीन आत न्यायची परवानगी नव्हती. "कुलिंग कालपासून नखरे करतंय हो," मॅनेजर म्हणाला. "संध्याकाळी माणसं घरी जातात. घंटा नसेल तर मी काय इन्सुलिन मांडीवर घेऊन बसू?"

मी लिनक्सवर बिल्ड लावलं. चुकाच चुका. साडूंनी सवयीनं यादीतली पहिली चूक तेवढी वाचली. 'उस्ताद' नावाचं फोल्डर सापडत नव्हतं. सापडणार कुठून? ते साडूंच्याच मशीनवर होतं. उस्ताद म्हणजे त्यांचे निजामपुऱ्यातले जुने भागीदार. दोघांनी धंदा त्याच मशीनवर सुरू केला होता, आणि तापमान वाचून घंटा वाजवणारा तुकडा उस्तादांचा होता. फोल्डरमध्ये तो विंडोजसाठी बांधलेला तेवढा होता. मूळ लिहिलेलं उस्तादांपाशी. प्रोग्राम कुठल्याही मशीनवर बांधता आला पाहिजे, असा त्यांचा हट्ट. अख्खी भिवंडी विंडोजवर असताना नसती उठाठेव कशाला, असं साडूंचं म्हणणं. शब्दानं शब्द वाढला, उस्ताद वडिलांचे लूम, म्हणजे यंत्रमाग, सांभाळायला निघून गेले, आणि बोलणं तुटलं ते तुटलंच.

"फोन करा त्यांना," मी म्हटलं.

"न्हाय. मी लिवतो नवा."

ते लिहीत राहिले आणि मॅनेजरचे फोन येत राहिले. कुलिंग मधूनमधून बंद पडत होतं, आणि खोली किती तापलीय ते घंटेशिवाय कळायला मार्ग नव्हता. दुपार कलली तेव्हा साडूंचा नवा तुकडा चालला खरा, पण त्यानं थंड खोलीत पाणी उकळतंय असं कळवलं. साडूंनी डोळे मिटले. मला त्यांची दया आली आणि रागही आला. मग ते उठले, चपला घातल्या आणि म्हणाले, "चला, रिक्शा बगा."

निजामपुऱ्यात लूमचा असा खडखडाट की स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येईना. उस्ताद तुटलेला धागा जोडत होते. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि पुन्हा धाग्याकडे बघितलं. साडू पुढं होऊन त्यांच्या कानाशी ओरडले, "लिनक्स पे चलाना है. मेरे से नहीं हो रहा."

उस्तादांनी गाठ मारली, लूम चालू केला, हात पुसले आणि कोपऱ्यातल्या कपाटातून पेन ड्राइव्ह काढला. "दोनों के लिए बना के रखा है. तब का."

"तो दिया क्यूं नहीं?"

"तूने मांगा कब?"

पेन ड्राइव्ह खिशात घालून साडू रिक्षाकडे वळले.

घरी येऊन मी उस्तादांचं लिखाण प्रोग्राममध्ये आणलं. आता त्या फोल्डरचा पत्ता सांगणारी जुनी ओळ तेवढी पुसायची होती. साडूंचं बोट डिलीटच्या बटणावर थांबलं. मी म्हटलं, "अहो, वेळ जातोय."

"बिल्ड लावला का ही ओल पडद्यावर सरकते," ते म्हणाले. "त्याचा नाव दिसते. रोज तेवडाच वाचतो मी."

मग त्यांनी स्वतःच ती ओळ पुसली. पहिली चूक गेली, तिच्यामागं बाकीच्याही गेल्या. माणसं घरी जायच्या आत प्रोग्राम डबड्यात पोचला. बसवल्याबरोबर घंटा वाजली, आणि ती आम्ही फोनवर ऐकत असतानाच मॅनेजर बर्फ आणायला माणसं पळवत होता. औषधं वाचली.

आता बिल्ड पार पडलं की साडू निजामपुऱ्याला फोन लावतात. "हुआ?" "हुआ." एवढंच बोलणं. उस्तादांनी परत येतो म्हटलं नाही, यांनी ये म्हटलं नाही. लूम सोडता येत नाहीत हे दोघांनाही माहीत आहे. मधली वर्षं गेली ती गेली. पण बोलणं संपलं तरी साडू फोन ठेवत नाहीत. तिकडचा खडखडाट ऐकत बसतात, आणि तिकडूनही कुणी ठेवत नाही.