नववा भाग कुठं ठेवायचा

मुलाच्या फुप्फुसात गाठ निघाली तेव्हा मी सिन्नरला होते. दोन हजार साल उलटून पाचसहा वर्षं झाली असतील. सुनेचा फोन आला, "अहो आई, तुम्ही या. मला नोकरी सोडता येत नाही आणि ह्यांना दिवसभर एकटं ठेववत नाही."

मी दुसरी शिकलेली बाई. विमानात पट्टा कसा लावायचा तेसुद्धा शेजारणीनं दाखवलं. म्युनिकला उतरले, तिथून सून गाडीनं रेगेन्सबर्गला घेऊन गेली. दार मुलानंच उघडलं. डोक्यावर केस नव्हते, अंगात दोन स्वेटर. म्हणाला, "आई, रडायचं असलं तर आत ये. जिन्यात आवाज केला की खालची म्हातारी दारावर तक्रारीची चिठ्ठी लावते."

मी रडले नाही. पिशवीतून भाकरीचं पीठ काढलं.

तो मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर होता, आता आजारपणाच्या रजेवर. सून आठला कामावर जायची, नऊ वर्षांची नात शाळेला. मग आम्ही दोघंच. वाचलं की त्याचे डोळे दुखायचे. कारखान्यातल्या एका जर्मन माणसानं टीव्हीवरची एक मालिका भरून नऊ सीड्या आणून दिल्या होत्या. अमेरिकेचा इतिहास. कागदी पाकिटं, वर पेनानं एक ते नऊ आकडे.

म्हटलं, "अरे, आपण जर्मनीत. अमेरिकेचं काय करायचंय?"

"बघू तर. कोण कुठून आले, काय खाल्लं, कसे तगले."

मग रोज नाही, ज्या दिवशी त्याला बरं वाटेल त्या दिवशी एक भाग. बोलणं सगळं जर्मन. तो मधे मधे थांबवायचा आणि मला मराठीत सांगायचा. मी आंघोळ करून, डोक्यावर पदर घेऊन बसायची. भाग पुरा झाल्याशिवाय उठायची नाही, त्यालाही उठू द्यायची नाही.

"आई, टीव्ही आहे हा. पोथी लावलीय का आपण?"

"एकदा लावलं की मधे सोडू नये. गप बस."

प्रत्येक भाग झाला की तो कागदाची एक पट्टी कापायचा, तिच्यावर चित्र काढायचा, कारण मला जर्मन अक्षर येत नाही. जहाज, आगगाडी, सोन्याचं घमेलं. पट्ट्या फ्रिजच्या दारावर लोहचुंबकानं लावायच्या. सगळ्यात चांगला भाग वर, मग उतरत्या क्रमानं. त्यावरून आमची रोज भांडणं. त्याला भावाभावांच्या लढाईचा भाग वर हवा. मी म्हणायची, धुळीच्या वादळांचा वर घे. त्यात एक बाई पोराच्या तोंडावर ओलं फडकं धरून बसली होती, ती मला लांबची वाटली नाही. मी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली आहे, धूळ कशी आत जाते ते मला कुणी सांगायला नको.

"तू काय चेकर आहेस का?" तो हसायचा.

चेकर म्हणजे विडीच्या कारखान्यातला. मी तीस वर्षं विड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात पान आणि तंबाखू, शेजारी हा पाळण्यात. पुढं पाळणा गेला, हा तिथंच पुस्तक घेऊन बसायचा. संध्याकाळी विड्या घेऊन जायचं, चेकर जुडी बोटांनी दाबून बघणार, नाही आवडली की बाजूला फेकणार. त्याला छाट म्हणायचं. छाटीचे पैसे नाहीत. पण विडी तो ठेवून घ्यायचा.

चौथा भाग तंबाखूचा निघाला. मोठाली पानं, काळी माणसं, विकत घेतलेली. वाकून वाकून पानं तोडताहेत, बायका पोरांना पाठीला बांधून. मुलानं सीडी थांबवली नाही, मराठीत काही सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

संपल्यावर त्यानं तंबाखूच्या पानाचं चित्र काढलं आणि पट्टी सगळ्यांच्या वर लावली.

म्हटलं, "काढ ती. छाट आहे."

"का?"

"मी सांगते म्हणून."

त्यानं आयुष्यात विडी-सिगरेट ओढली नाही. इथल्या डॉक्टरनं तेच विचारलं होतं, आणि हा नाही म्हणाला होता. सुनेनं मला हे सहज सांगितलं होतं. तेव्हापासून पाळण्याशेजारचं ते सूप माझ्या मनातून जात नव्हतं.

"आई," तो म्हणाला, "त्या सुपावर माझी फी भरली गेली. हा भाग इथंच राहणार."

मी ती पट्टी खाली लावायची, तो सकाळी उठून वर लावायचा. असं आठ दिवस चाललं. शेवटी मीच हरले.

आठ भाग झाले तेव्हा त्याला जिना उतरवत नव्हता. घास दोनचार. सून स्वयंपाकघरात नळ सोडून रडायची, आवाज येऊ नये म्हणून. आता एकच सीडी उरली होती.

माझे मालक, ह्याचे वडील, गेले तेव्हा त्यांच्या दुखण्यात मी पोथी लावली होती. रोज एक अध्याय शेजारची वाचायची, मी ऐकायची. समाप्तीचा शिरा खाली उतरवला आणि ते गेले. तेव्हापासून माझ्या मनात बसलं होतं. नववा भाग लागला नाही तर हा जायचा नाही. कुणाला सांगितलं असतं तर हसले असते. मी सांगितलं नाही. सीडी उचलली आणि माझ्या बॅगेत नऊवारीच्या घडीत ठेवली.

दोन दिवसांनी त्याला जरा बरं वाटलं. "आई, नववा लाव."

"सापडत नाही रे."

"इथंच तर होता."

"असेल कुठंतरी."

त्यानं स्वतः उठून कपाट धुंडाळलं. भिंतीला धरून धरून. मी बघत उभी राहिले. नात शाळेतून आली तेव्हा तो दमून चिडलेला होता.

"माझ्या सीड्यांना हात लावलास तू?"

"नाइन, पापा," ती जर्मनमध्येच नाही म्हणाली.

"खोटं बोलू नकोस. मागच्या वेळी पाकिटांवर चित्रं कुणी चिकटवली होती?"

ती जर्मनमध्ये भरभर काहीतरी म्हणाली, मग रडायला लागली. रडता रडता माझ्याकडे बघून मराठीत म्हणाली, "आजी, सांग ना त्याला, मी नाही घेतली."

मी म्हटलं, "जाऊ दे रे, पोर आहे."

एवढंच म्हटलं. म्हणजे तिनंच घेतली असं झालं.

तो तिच्याशी दोन दिवस नीट बोलला नाही. पुढं बोलला, जवळ घेतलं, पण सीडीचं विचारायचा. "तुझ्या दप्तरात बघ ना एकदा. मी रागावणार नाही." ती दप्तर उलटं करून दाखवायची. मला रोज वाटायचं, आज काढून देते. आणि रोज वाटायचं, अजून एक दिवस.

पंधरा दिवसांनी त्याला दवाखान्यात नेलं. तिथंही एकदा म्हणाला, "आई, नववा कुठं लावायचा ते राहिलंच." चौथ्या दिवशी सकाळी तो गेला. बाहेर ऊन पडलं होतं. मी त्याचे पाय धरून बसले होते.

सगळं उरकल्यावर मी सुनेला सांगितलं. सीडी तिच्या हातात दिली. पाकिटावरचा आकडा बघून ती म्हणाली, "आई, ते तिला चोर समजूनच गेले." मी मान खाली घातली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तिला तुम्हीच सांगा," ती म्हणाली.

नातीला सांगितलं. ती खोलीत गेली, दार लावून घेतलं. तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी दाराशी दूध ठेवायची, ती ते उचलायची नाही.

चौथ्या दिवशी शाळेतून आल्यावर ती मुकाट्यानं टीव्हीपाशी गेली आणि ती सीडी लावली. मी येऊन बसले. ती माझ्याजवळ नाही, लांबच्या खुर्चीवर बसली. उंच इमारती, कोट घातलेले लोक भाषणं करताहेत, रांगा लावून चिठ्ठ्या टाकताहेत. तासभर तेच. तिनं एकदाही थांबवलं नाही, मला एक शब्द मराठीत सांगितला नाही, आणि मी विचारलं नाही. मला काही कळलं नाही.

संपल्यावर तिनं कागदाची पट्टी कापली. चित्र काढलं नाही. फ्रिजपाशी उभी राहून वरपासून खालपर्यंत बघितलं आणि ती सगळ्यात खाली लावली.

"बोअर होता," ती म्हणाली. "पापा झोपला असता."

एवढा साधा भाग होता तो. मुलगा दहा मिनिटांत घोरायला लागला असता, आणि मी त्याच्या अंगावर पांघरूण घातलं असतं.